उलटी थांबली, मळमळ उरली

सिडनीतले कर्करोगतज्ज्ञ अ‍ॅलन कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना दुष्परिणामांची नावं लिहिलेली कार्डं दिली आणि त्यांतलं जे सर्वांत जास्त छळतं ते वर काढायला सांगितलं. पहिली आली उलटी, दुसरी मळमळ, तिसरं केस गळणं. १९९३ मध्ये तशीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा उलटी पाचव्या जागी घसरली होती आणि मळमळ पहिल्या जागी चढली होती. मधल्या काळात ऑन्डान्सेट्रॉन नावाचं औषध बाजारात आलं होतं.

उलटी दिसते, मोजता येते, नर्सला कागदावर टिपता येते. तिच्यावर भरपूर संशोधन झालं आणि ती बरीचशी आटोक्यात आली. मळमळ दुसऱ्याला दिसत नाही, बहुतेकदा घरी गेल्यावर येते आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं की रुग्ण "ठीक आहे" म्हणून मोकळा होतो. आज आपल्या हाताशी चांगली औषधं आहेत, त्यांतली बरीचशी स्वस्तही आहेत. तरी केमोनंतरचे तीन-चार दिवस अनेकांचे वाईट जातात. ते का, हे पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सिसप्लॅटिन हा या विषयातला खलनायक आणि नायक दोन्ही. मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, पण ते विजेने नव्हे, इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनमच्या संयुगाने, हे १९६५ मध्ये त्यांनी मांडलं. त्यातून निघालेल्या सिसप्लॅटिनला १९७८ च्या अखेरीस अमेरिकेत परवानगी मिळाली आणि वृषणाच्या कर्करोगाचे तरुण रुग्ण बरे होऊन घरी जाऊ लागले. पण आधी काही न देता हे औषध दिलं तर शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना उलट्या होतात. त्या काळी रुग्ण दिवसभर भांडं मांडीवर घेऊन बसायचे, आणि काहींनी बरं होण्याची शक्यता असतानाही उपचार सोडले.

पहिला खरा उतारा मिळाला तो जुन्याच औषधातून. मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे आपल्याकडे पेरिनॉर्म या नावाने ओळखलं जाणारं औषध, पोटाच्या तक्रारींसाठी आधीपासून वापरात होतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये रिचर्ड ग्राला यांनी ते शिरेतून, नेहमीच्या कितीतरी पट मात्रेत दिलं. सिसप्लॅटिनच्या उलट्या बऱ्याच कमी झाल्याचं त्यांनी १९८१ मध्ये दाखवलं. किंमतही मोजावी लागली. काहींची, विशेषतः तरुणांची, मान वाकडी व्हायची, जबडा आवळायचा, डोळे वर फिरायचे. एका इंजेक्शनने हे उतरतं, पण तोवर शेजारी बसलेल्या नातेवाइकाची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको. त्याच सुमारास डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही उलटीवर चालतं असं दिसून आलं. ते नेमकं कसं काम करतं याचा पुरता उलगडा आजही झालेला नाही, आणि आजही ते जवळजवळ प्रत्येक नुस्ख्यात आहे.

मेटोक्लोप्रामाइड मोठ्या मात्रेतच का चालतं, या प्रश्नाने संशोधकांना वाट दाखवली. लहान मात्रेत ते मेंदूतल्या डोपामिनला अडवतं. मात्रा वाढवली की सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहीलाही थोडंफार अडवतं. मग फक्त तेवढंच अडवणारं औषध का शोधू नये? अडचण प्राण्यांची होती. प्रयोगशाळेतल्या उंदरांना उलटीच होत नाही, त्यांच्या शरीरात ती सोयच नाही. म्हणून मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्यावर प्रयोग झाले आणि १९८६ मध्ये सेरोटोनिनची ही वाट बंद केली की सिसप्लॅटिनची उलटी थांबते, हे सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी याच कामासाठी आणखी एक प्राणी पुढे आणला: सुंकस म्युरिनस. म्हणजे आपली चिचुंद्री. मोरीच्या कडेने पळणाऱ्या आणि घरोघरी हाकलल्या जाणाऱ्या या जिवाचं कर्करोगाच्या औषधशास्त्रात असं नाव झालेलं आहे, हे फार लोकांना ठाऊक नसावं.

यातून जे समजलं ते असं. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्याच्या अस्तरात असतं. केमोचं औषध त्या पेशींना दुखावतं, त्या सेरोटोनिन सोडतात आणि व्हेगस नावाची लांबलचक नस ती खबर मेंदूच्या बुंध्याला पोचवते. पोटात विष गेलं आहे असं समजून शरीर ते बाहेर फेकू पाहतं. ऑन्डान्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन ही औषधं ही खबर वाटेतच अडवतात. ऑन्डान्सेट्रॉन १९९० च्या आगेमागे बाजारात आलं आणि वॉर्डातलं चित्र बदललं. आपल्याकडे एमसेट म्हटलं की औषधाच्या दुकानदाराला पुढे काही सांगावं लागत नाही.

पण ही झाली पहिल्या चोवीस तासांची गोष्ट. सिसप्लॅटिनची दुसरी लाट साधारण दोन ते तीन दिवसांनी जोर धरते आणि पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळते. ती मुख्यतः मेंदूतच उठते आणि तिथे सबस्टन्स पी नावाचं दुसरं रसायन कारभारी असतं. हे रसायन १९३१ पासून माहीत होतं. त्याला अडवणारं अ‍ॅप्रेपिटंट मात्र २००३ साली आलं. पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम आणि पुढचे दोन दिवस ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, हा त्याचा रूढ कोर्स. त्याच वर्षी आलेल्या पॅलोनोसेट्रॉनचा अंमल जुन्या भावंडांपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतो. इथे एक कडू मत नोंदवतो. केमोनंतर घरी दिल्या जाणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या मळमळीवर फारशा चालत नाहीत, बद्धकोष्ठ मात्र हमखास करतात. आणि पोट साफ नसलं की मळमळ आणखी वाढते. तरीही चिठ्ठीवर सवयीने सर्वांत आधी त्याच लिहिल्या जातात.

प्रत्येक केमोला सगळी औषधं लागत नाहीत. प्रतिबंध न केल्यास किती जणांना उलटी होईल यावरून डॉक्टर औषधांचे चार गट करतात: नव्वद टक्क्यांच्या वरचा, तीस ते नव्वदचा, दहा ते तीसचा आणि दहाच्या खालचा. सिसप्लॅटिन पहिल्या गटात. स्तनाच्या कर्करोगात डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड एकत्र देतात ती जोडीही पहिल्याच गटात. ऑक्सॅलिप्लॅटिन दुसऱ्या गटात येतं, आणि विनक्रिस्टिनसारखी औषधं अगदी तळाशी. पण यादीत न दिसणारा भाग रुग्णाचा असतो. स्त्री असणं, वय पन्नाशीच्या आत असणं, गरोदरपणी खूप उलट्या झालेल्या असणं, घाटातल्या एसटीत पिशवी लागणं, या सगळ्यांनी धोका वाढतो. नियमित दारू पिणाऱ्यांना त्रास कमी होतो हेही वारंवार दिसून आलं आहे; हे वाचून कुणी सुरू करू नये. डोहाळ्यांत काय झालं होतं हे केमोआधी विचारणारा डॉक्टर भेटला तर तो आपलं काम जाणतो असं समजावं, आणि विचारलं नाही तर आपणच सांगावं.

आता या कथेतल्या सर्वांत अनपेक्षित पात्राकडे येऊ. ओलान्झापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध, १९९६ पासून वापरात असलेलं. ते डोपामिन, सेरोटोनिन, हिस्टामिन अशा अनेक वाटा एकदम अडवतं, म्हणून उलटीवर चालावं असा तर्क होता. २०१६ मध्ये रुडॉल्फ नवारी आणि सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जो प्रयोग छापला त्यात मुख्य लक्ष उलटीपेक्षा मळमळीवर होतं. नेहमीच्या तीन औषधांच्या जोडीला १० मिलिग्रॅम ओलान्झापिन दिलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना पहिल्या दिवशी मळमळ अजिबात झाली नाही. ते न दिलेल्यांत हा आकडा ४५ होता. पाचही दिवस धरले तर ३७ टक्के विरुद्ध २२. आकडे सुधारले हे खरं, पण नीट पाहा: चार औषधं देऊनही पाच दिवस मळमळीविना काढणारे दहांतले चारही भरत नाहीत.

ओलान्झापिनची अडचण म्हणजे झोप. १० मिलिग्रॅम घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगीत असतो. म्हातारी माणसं रात्री लघवीला उठताना पडतात. जपानमध्ये ५ मिलिग्रॅम, तेही रात्रीच्या जेवणानंतर देऊन पाहिलं. सिसप्लॅटिन घेणाऱ्यांत पहिल्या दिवसानंतरच्या चार दिवसांत उलटी आणि जादा औषध दोन्ही टळलेल्यांचं प्रमाण ६६ वरून ७९ टक्क्यांवर गेलं. आणि मग परळच्या टाटा मेमोरियलने आणखी खाली जायचं ठरवलं. ज्योती बाजपेयी आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आला. २७५ रुग्ण, त्यांतले बहुतेक स्तनाच्या कर्करोगाचे. निम्म्यांना १० मिलिग्रॅम, निम्म्यांना फक्त २.५. पूर्ण नियंत्रण, म्हणजे उलटी नाही, जादा औषध नाही आणि मळमळ फार तर किरकोळ, हे एका गटात ४४ टक्क्यांना मिळालं आणि दुसऱ्यात ४५ टक्क्यांना. फरक नाहीच. दिवसाची गुंगी मात्र ९० टक्क्यांवरून ६५ वर आली, आणि पहिल्या दिवशीची तीव्र गुंगी ४० टक्क्यांवरून ५ वर. चतकोर गोळीने काम होतं आणि बाई दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असते, हे मुंबईने जगाला दाखवून दिलं. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये हीच २.५ मिलिग्रॅमची मात्रा बारा आठवडे रोज दिली. पाच टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले तिथे ६० टक्के निघाले, औषध न घेणाऱ्यांत ९. ज्याच्या अन्नावरची वासनाच उडाली आहे त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

अशी गुणी, स्वस्त गोळी घरी पोचल्यावर तिचं काय होतं? मुलगा किंवा सून पाकिटावरचं नाव मोबाइलवर टाकते. समोर येतं: मनोविकारावरील औषध. "आईला डोक्याच्या गोळ्या कशाला दिल्या?" दुकानदारही कधीकधी भुवया उंचावतो. गोळी टेबलावर राहते आणि पुढच्या भेटीत कुणी काही बोलत नाही. चिठ्ठी देताना एक वाक्य बोललं असतं, "ही मानसिक आजाराची म्हणून देत नाही, मळमळीसाठी देतोय, चार दिवस, रात्री झोपताना", तर प्रश्नच आला नसता. गर्दीच्या ओपीडीत ते वाक्य राहून जातं.

राहून जाणाऱ्या गोष्टींत दुसरी म्हणजे चिठ्ठीवरचं एसओएस. लागली तर घ्या, असा त्याचा अर्थ. आणि रुग्ण तो प्रामाणिकपणे पाळतो, म्हणजे उलटी सुरू झाल्यावर गोळी शोधतो. ही औषधं आधी घेतली तर चालतात, मागाहून घेतली तर फारच कमी. पहिला डोस केमो सुरू होण्याच्या अर्धा ते एक तास आधी पोटात किंवा शिरेत गेलेला असावा लागतो, आणि पुढच्या दिवसांच्या गोळ्या त्रास नसतानाही ठरल्या वेळी घ्यायच्या असतात. "आज बरं वाटतंय, कशाला उगाच गोळी" या काटकसरीची किंमत तिसऱ्या दिवशी मोजावी लागते. अचानक उसळलेल्या मळमळीसाठी वेगळी राखीव गोळी असते. ती दुसऱ्या वर्गातली हवी, जी आधीच चालू आहे तीच पुन्हा नव्हे. आणि ओलान्झापिनच्या जोडीला आपल्या मनाने पेरिनॉर्म घेऊ नये. दोन्ही डोपामिनच अडवतात, मान वाकडी होण्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांना हा त्रास कमी वाटतो, याला पुरावा आहे. २००४ मध्ये स्टीव्हन ग्रुनबर्ग आणि सहकाऱ्यांनी डॉक्टर-नर्सना आपल्या रुग्णांपैकी किती जणांना त्रास होईल याचा अंदाज विचारला आणि रुग्णांना रोजनिशी लिहायला दिली. पहिल्या दिवसाचा अंदाज बराचसा बरोबर निघाला. नंतरच्या दिवसांचा मात्र तीन चतुर्थांशांहून अधिक डॉक्टर-नर्सनी कमीच धरला होता. कारण उघड आहे: पहिला दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर जातो. नंतरचे दिवस आपल्याकडे कुठे जातात? डे केअरमधून सुटलेला रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असतो, विदर्भात जाणाऱ्या गाडीत असतो, किंवा ठाण्या-डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, जिथे स्वयंपाकघराला दार नसतं. कुकरची तिसरी शिट्टी झाली, भाताची वाफ पसरली, लसणाची फोडणी तडतडली, की कॉटवर पडलेल्या बाईच्या पोटातून उमासा येतो. ती काही बोलत नाही. घरच्यांनी जेवायचं नाही का? यावर वैद्यकशास्त्राचा सल्ला साधा आहे: अन्न गार किंवा कोमट, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, तेलकट आणि तीव्र वासाचं टाळावं, स्वयंपाक होताना रुग्णाने दुसरीकडे बसावं. जमेल तिथे जमेल. पेज, दहीभात, कोरडा टोस्ट, गार ताक, लिमलेटची गोळी यांवर अनेकांचे दिवस निघतात. आवडीचा पदार्थ मात्र त्या दिवसांत मुद्दाम करू नये. उलटीशी एकदा त्याची गाठ पडली की नंतर वर्षानुवर्षं तो खाववत नाही.

ही गाठ पडणं हीच तर पुढची अडचण. पहिल्या एक-दोन केमोंत वाईट उलट्या झाल्या तर मेंदू दवाखान्याचा वास, सलाईनचा स्टँड, अगदी त्या रस्त्याचं वळणसुद्धा उलटीशी जोडून ठेवतो. मग सुई लागायच्या आधीच, कधी आदल्या रात्रीच, मळमळ सुरू होते. हिच्यावर नेहमीची औषधं जवळजवळ चालत नाहीत. लोराझेपामसारखी चिंता कमी करणारी गोळी किंवा शिथिलीकरणाची तंत्रं थोडी मदत करतात. खरा इलाज म्हणजे पहिल्याच केमोत उलटी होऊ न देणं. "पहिल्यांदा बघू कसं जातंय, मग वाढवू औषध" हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे.

आणखी एक समज खोडून काढायला हवा: उलटी झाली म्हणजे औषध लागू पडतंय. गाठ विरघळण्याचा आणि पोट ढवळण्याचा काही संबंध नाही. तसंच उलटीची औषधं घेतल्याने केमोचा गुण कमी होत नाही.

घरगुती उपायांत आल्याला थोडा आधार आहे. अमेरिकेत ५७६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आल्याच्या कॅप्सूलने पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली; मात्र नंतरचे सगळे प्रयोग तसं म्हणत नाहीत. नेहमीच्या औषधांसोबत आल्याचा तुकडा चघळायला कुणाचीच हरकत नाही. रक्तातल्या प्लेटलेट खूप उतरल्या असतील तर मोठ्या मात्रेतली चूर्णं टाळावीत. भांगेबद्दल हमखास विचारणा होते. गांजातल्या घटकावर आधारलेल्या दोन गोळ्यांना अमेरिकेने १९८५ सालीच परवानगी दिली होती, पण आज त्या बाकी सगळं हरल्यावरच्या आहेत, आणि दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्या काहींना त्यामुळेच उलट्यांचे झटके येतात. मनगटाच्या आतल्या बाजूचा बिंदू दाबण्याने काहींना बरं वाटतं. नुकसान काही नाही.

प्रत्येक औषधाचं देणंही असतं. डेक्सामेथासोन रात्री घेतलं तर झोप उडते, म्हणून सकाळी घ्यावं. मधुमेह्यांची साखर त्याने भसकन वाढते. आणि कोर्स संपला की एक-दोन दिवस माणूस ढेपाळतो. अ‍ॅप्रेपिटंट सोबत असलं की डेक्सामेथासोन कमी मात्रेत द्यावं लागतं, आणि त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा उरत नाही. ऑन्डान्सेट्रॉनने डोकं दुखतं आणि हृदयाचा आधीचा विकार असेल किंवा पोटॅशियम उतरलं असेल तर ठोक्यांची लय बिघडू शकते.

आणि केमो चालू असताना झालेली प्रत्येक उलटी केमोचीच असते असं नाही. मॉर्फिनने होते, कॅल्शियम वाढल्याने होते, सोडियम उतरल्याने होते, आतड्याला अडथळा आल्याने, मेंदूत गाठ गेल्यानेही होते. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, दिवसभर लघवी झाली नसेल, उलटीत रक्त असेल, पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद असतील, डोकं असह्य दुखत असेल, ताप असेल किंवा माणूस बरळत असेल, तर गोळ्या बदलत बसू नये. थेट दवाखाना गाठावा.

हे सगळं शास्त्र पाच दिवसांच्या चौकटीत बसवलेलं आहे: एक दिवस केमो, चार दिवस परिणाम, मग पुढच्या फेरीपर्यंत सुटका. नवे उपचार ही चौकट मोडत आहेत. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान दर तीन आठवड्यांनी शिरेतून देतात, पण त्याची मळमळ दुसऱ्या आठवड्यातही रेंगाळू शकते. अंडाशयाच्या कर्करोगात ओलापरिबच्या गोळ्या महिनोन् महिने रोज घ्यायच्या असतात. तिथे चार दिवसांचं डेक्सामेथासोन पुरत नाही, आणि महिनाभर स्टेरॉइड देता येत नाही. रोजच्या ऑन्डान्सेट्रॉनने पोट गच्च होतं. जपानमध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकानसोबत ओलान्झापिन देऊन पाहिलं तेव्हा त्रास कमी झाला. रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टर सध्या तरी अनुभवावर चालतात: गोळी जेवल्यावर घ्या, पहिला महिना त्रास जास्त असेल, फारच झालं तर मात्रा कमी करू. या रुग्णांना कुणी डे केअरमध्ये बसवून पाहत नाही. त्यांना रोज किती मळमळतं हे त्यांनी स्वतः लिहून आणलं तरच डॉक्टरांना कळतं.